आदल्या रात्रीची न्याहारी

केंद्र सरकार दर वर्षी शेतमालाचे हमीभाव जाहीर करतं, त्या यादीत ज्वारीच्या नावापुढे दोन भाव असतात. एक संकरित ज्वारीचा, दुसरा मालदांडीचा. 2025-26 साठी संकरित ज्वारीला क्विंटलला 3,699 रुपये आणि मालदांडीला 3,749 रुपये ठरले. देशात ज्वारीचे वाण कितीतरी आहेत, पण दिल्लीच्या यादीत नावानिशी जागा मिळाली ती मालदांडीला, आणि मालदांडी ही सोलापूरच्या काळ्या रानातली. फरक पन्नास रुपयांचाच, तरी सोलापूरकरांनी अभिमान बाळगावा अशी ही नोंद आहे.

त्याच सोलापुरात सकाळी आठ वाजता एखाद्या मध्यमवर्गीय घराच्या ओट्यावर काय दिसतं? कढईत पोहे, नाहीतर रव्याचं उप्पीट. घाई असेल तर चहा आणि खारी, मुलांच्या डब्यात ब्रेड-जॅम किंवा दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया. या पदार्थांत वाईट असं काही नाही. पोह्यांवर लिंबू पिळून, शेंगदाणे घालून खाणारं घर काही उपाशी राहत नाही. पण पोहे बराचसा कोंडा गेलेल्या तांदळाचे, रवा गव्हाचा कोंडा नि अंकुर काढून उरलेला, आणि खारी-ब्रेड मैद्याचे. आठवड्याचे सातही दिवस न्याहारीच्या ताटलीत अख्ख्या धान्याचा कण नाही, असं घर ज्वारीच्या या जिल्ह्यात आता सहज सापडतं. दुपारी भाकरी असते, रात्री कधी पोळी असते. सकाळ मात्र पांढरी झाली आहे.

पुढच्या पानांवर येणारे पदार्थ या सकाळीसाठी आहेत. त्यांची कृती वाचण्याआधी हे धान्य कुठून येतं, त्यात काय असतं, सकाळच्या ताटातून ते का गेलं आणि कशा वाटेने परत येऊ शकतं, हे समजून घेतलेलं बरं.

मालदांडीची गोष्ट मोहोळपासून सुरू होते. तिथल्या संशोधन केंद्रावर 1930च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून एम 35-1 हा वाण तयार झाला. त्याच काळात, 1933 साली, सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं होतं, कारण पावसाची खात्री नसलेल्या मुलखात पीक कसं काढायचं हा इथला जुना प्रश्न. एम 35-1 नंतर फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा असे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे चांगले वाण आले. तरीही ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचं हे बियाणं आजही पेरलं जातं, आणि भाकरीची चव सांगताना लोक अजून मालदांडीचंच नाव घेतात.

हे पीक वाढतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. पावसाळाभर रान मोकळं ठेवून ओल धरायची, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरायचं, आणि मग जमिनीत मुरलेल्या पाण्यावर नि थंडीतल्या दवावर पीक सोडून द्यायचं. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनी यासाठीच नावाजलेल्या. तिथे पुष्कळ रानांत ज्वारीला वरून पाणी दिलंच जात नाही. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. या गावाचं धान्याशी नातं त्याहून फार जुनं आहे. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत इथलेच, आणि पंढरीच्या वाटेवरच्या प्रत्येक घराला ती कथा ठाऊक आहे.

आता दाण्याकडे वळू. कुठल्याही तृणधान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात: वरचा कोंडा, टोकाशी असलेला अंकुर आणि मधला पिठूळ गाभा. तंतू, लोह, जस्त, ब जीवनसत्त्वं यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो, गाभ्यात प्रामुख्याने पिष्ट. दाणा सडला, पॉलिश केला किंवा त्याचा मैदा काढला की पहिले दोन भाग निघून जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत हा फरक आकड्यांत दिसतो. शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे 10 ग्रॅम, अख्ख्या गव्हात 11 ग्रॅम. सडलेल्या तांदळात आणि मैद्यात तीनच्याही खाली. ज्वारीत लोह सुमारे 4 मिलिग्रॅम, सडलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. नाचणीत कॅल्शियम 360 मिलिग्रॅमच्या पुढे, आणि बाजरीत लोह ज्वारीहून जास्त.

भाकरीचं मोठेपण इथे आहे. गिरणीत दाणा जातो तसाच पीठ होऊन बाहेर येतो. त्यातून काही काढलं जात नाही, काही घातलं जात नाही. ‘होल ग्रेन’ म्हणून आज खोक्यातून जे महागात विकलं जातं, ते या जिल्ह्यातल्या शेतमजुराच्या फडक्यात रोज बांधलेलं असायचं.

असायचं, असं म्हणावं लागतं, त्याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. 1972च्या दुष्काळाने पहिला मोठा धक्का दिला. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात होरपळला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळाली आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीची आठवण काढली की इथली जुनी माणसं अजून तोंड वाकडं करतात. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ हेच धान्य कायम झालं. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू दोन रुपयांना, तांदूळ तीन रुपयांना आणि भरडधान्य एका रुपयाला देण्याची तरतूद केली, पण प्रत्यक्षात पिशवीत पडले ते मुख्यतः गहू-तांदूळ. 2023पासून ते मोफत झाले. एकीकडे फुकटचा गहू, दुसरीकडे बाजारात गव्हाहून महाग ज्वारी. 2024-25 च्या पिकाचे हमीभाव शेजारी ठेवले तरी हे दिसतं: मालदांडी 3,421 रुपये, गहू 2,425. ज्या घरात महिन्याचा हिशेब दर आठवड्याला पुन्हा मांडावा लागतो, तिथे ज्वारी मागे पडली तर त्या घराला दोष कसा द्यायचा?

शेतही बदललं. 1980मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालवे निघाले, आणि भीमेच्या दोन्ही तीरांना ऊस उभा राहिला. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर राज्यात आघाडीवर गेलं. ऊस पैसा देतो. ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत, कारण ती उपटायची आणि कणसं खुडायची म्हणजे कंबरेचं काम. ज्वारी आज टिकून आहे ती पाणी न पोचलेल्या रानात, आणि काही अंशी कडब्यासाठी. दावणीच्या जनावरांनी माणसांची भाकरी वाचवली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण धान्य महाग आणि दुर्मीळ झालं, एवढ्यानेच न्याहारी बदललेली नाही. ज्या घरांना ज्वारी परवडते, गावाकडून पोतंभर येते, त्या घरांतही सकाळी रवाच भाजला जातो. विचारलं की एकच उत्तर येतं: सकाळी वेळ कुठे असतो?

या उत्तराचा नीट विचार करायला हवा, कारण ते खरं आहे. पीठ मळायचं, थापायचं, एकेक भाकरी भाजायची. चार माणसांची न्याहारी म्हणजे अर्धा-पाऊण तास तव्यापुढे. साडेसातला शाळेची बस आणि साडेआठला कामावर निघायचं असेल तर हे जमत नाही. मात्र सोलापूरला सकाळची घाई काही नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे कापड गिरण्या आल्या. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्यांच्या भोंग्यांवर शहर उठत होतं. पहिल्या पाळीचा कामगार अंधारात घर सोडायचा. शेतावर जाणारा त्याच्याही आधी. त्यांच्या घरात सकाळी ताज्या भाकरीचा थाट कुणाला परवडणार होता? ती माणसं जे खाऊन निघायची, ते जवळजवळ सगळं आधी करून ठेवलेलं असायचं. कधी रात्री, कधी आठवड्यापूर्वी, कधी महिन्यापूर्वी.

या भागातली अख्ख्या धान्याची न्याहारी आदल्या रात्री सुरू होते. ही गोष्ट ध्यानात घेतली की वेळेचा प्रश्न बराचसा सुटतो, आणि पुढच्या पानांवरचे बहुतेक पदार्थ त्याच तत्त्वावर निवडले आहेत.

शिळ्या भाकरीपासून सुरुवात करू. रात्री दोन भाकरी जास्तीच्या टाकायच्या. सकाळी त्या कुस्करून वर ताक, मीठ, चिरलेला कांदा. किंवा कांदा-मिरची-कढीपत्त्याच्या फोडणीवर परतलेले तुकडे. लहान मुलांसाठी दूध नि गुळाचा खडा. पाच-सात मिनिटांचं काम. शिजलेलं पिष्ट थंड झालं की त्यातला काही भाग पचायला जड अशा रूपात बदलतो आणि तंतूसारखं वागतो, असं पोषणशास्त्र सांगतं. शिळं म्हणजे निकस, ही समजूत म्हणून भाकरीच्या बाबतीत फारशी टिकत नाही. उन्हाळ्यात मात्र सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर गेलेला असताना भाकरी ओलसर फडक्यात कोंडून ठेवू नये. टोपलीत, हवेशीर जागी ठेवावी.

कडक भाकरी हा त्याच्या पुढचा टप्पा. इथे थोडं थांबायला हवं, कारण सोलापूरने आणि शेजारच्या विजयपूर-कलबुर्गी भागाने हा पदार्थ फार वरच्या पातळीवर नेला आहे. पीठ उकळत्या पाण्यात मळतात. ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे गव्हासारखी ओढ तिच्या पिठाला येत नाही. उकळत्या पाण्याने पिष्ट फुलतं आणि तेच चिकटपणाचं काम करतं. मग भाकरी थापत थापत इतकी पातळ करायची की परातीवरून उचलताना नवख्याच्या हातून ती फाटतेच. तव्यावर एक बाजू, वरून पाण्याचा हात, उलटून दुसरी बाजू, आणि मग मंद आचेवर फडक्याच्या बोळ्याने सगळीकडून दाबत तिच्यातला ओलावा घालवायचा. पापुद्रा वर येऊ दिला तर भाकरी मऊ राहते, म्हणून तो दाबून बसवतात. शेवटी उन्हात किंवा चुलीच्या धगीला वाळवायची. अशी भाकरी कोरड्या डब्यात महिनाभर तरी राहते. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या मुलांच्या बॅगांत तिची चवड हमखास असते आणि तिच्याबरोबर शेंगाची चटणी.

शहरातल्या अनेक बायकांचा आणि बचत गटांचा कडक भाकरी हा आता चांगला उद्योग झाला आहे. ज्या घरात थापायला कुणाला सवड नाही, त्या घराने ती विकत आणण्यात काही कमीपणा नाही. पाकिटावर घटक वाचले तर बहुधा ज्वारीचं पीठ, मीठ, फार तर तीळ किंवा जिरं एवढंच सापडतं. वाटीभर दह्यात किंवा कोमट दुधात मोडून घातली की न्याहारी तयार. ब्रेडच्या पुडीवर हाच कस लावून पाहावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. पुडीवर ‘मल्टीग्रेन’ असं मोठ्या अक्षरांत असलं आणि घटकांत पहिला मैदा असला, तर त्या ब्रेडमध्ये सगळ्यात जास्त मैदाच आहे.

आंबील हा उन्हाळ्याचा मान. धाराशिव-लातूरकडे आणि सोलापूरच्या पूर्व भागात वेळ अमावास्येला, म्हणजे येळवसेला, रानात पांडवांची पूजा होते तेव्हा आंबील आणि भज्जी असतेच. पण वर्षातल्या एका दिवसापुरतं तिला अडकवून ठेवण्याचं कारण नाही. संध्याकाळी अर्धी वाटी ज्वारीचं पीठ दीड वाटी ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, आणि मग हे आंबलेलं पीठ हळूहळू ओतत ढवळायचं. सात-आठ मिनिटांत ते दाटतं, कच्चट वास जातो. थंड झालं की वरून ताक घालून हवं तितकं पातळ करायचं. रात्रभराच्या आंबण्याने फक्त चव येते असं नाही. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. आंबवण्याने ते कमी होतं. अख्ख्या धान्यातलं लोह अंगी लागायचं तर भिजवणं-आंबवणं ही पायरी महत्त्वाची आहे.

लाह्यांचंही तेच. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या घरोघर होतात आणि मग वर्षभर त्यांचं नाव नसतं. ज्वारीवर कोमट पाणी मारून, फडक्यात बांधून ती रात्रभर ठेवली की दाण्यात ओल मुरते. तापलेल्या कढईत त्या ओलीची वाफ होते आणि दाणा फुटून उमलतो. लाहीत कोंडाही असतो आणि अंकुरही. राहुरी विद्यापीठाने लाह्यांसाठी फुले पंचमी नावाचा खास वाण काढला आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात लाह्या दोन आठवडे कुरकुरीत राहतात. सकाळी दूध, गूळ आणि केळं घातलं की ज्यांना मुलांसाठी कॉर्नफ्लेक्सची सवय लावून घ्यावी लागली, त्यांना पर्याय मिळतो.

कण्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या पद्धतीत ज्वारीला पाण्याचा हात लावून ती उखळात कांडत, फोलपट काढत, आणि मग जात्यावर भरडत. म्हणजे कोंड्याचा थोडा भाग जायचा. त्यामुळे त्या कण्या पुस्तकी अर्थाने पूर्ण धान्य नव्हेत. त्याचं दुःख करू नये. मऊ झालेल्या कण्या ताकात कालवून दात पडलेल्या आजीलाही खाता येतात, आणि सगळ्या घराने एकाच पातेल्यातलं खावं ही सोय फार मोलाची आहे. आता गिरणीतून न कांडलेल्या ज्वारीची भरड मिळते. ती रात्री भिजत घालून सकाळी कुकरला तीन-चार शिट्ट्या दिल्या तर छान शिजते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कानडी घरांत लग्नकार्याला होणारी खपली गव्हाची हुग्गीही याच घराण्यातली.

धपाटे, थालीपीठ, हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या रव्याची इडली यांची कृती पुढे येतेच. इडलीबद्दल एवढंच, की हे शहर मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत न्याहारी करतं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांना पीठ आंबवण्याची कला शिकवावी लागत नाही. तीन वाट्या ज्वारीचा रवा आणि एक वाटी उडीद या प्रमाणात ती कला ज्वारीला लावली की झालं.

ज्वारीबद्दल प्रेमाने लिहिताना तिच्या उणिवा झाकणं योग्य नाही. 1960च्या दशकात हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, डॉ. कोलुथूर गोपालन आणि त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी, दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा त्वचा काळवंडणारा आजार पाहिला आणि त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाच्या आधिक्याशी जोडला. त्या निष्कर्षावर पुढे मतभेद झाले. पण ज्यांच्या ताटात तिन्ही त्रिकाळ नुसती ज्वारी आणि मिरची, दुसरं काहीच नाही, अशा माणसांना हा आजार जडत होता, हे वास्तव उरतंच. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी असतं. डाळी, दूध, दही, अंडी ती तूट भरून काढतात. भाकरीबरोबर पिठलं, धपाट्यात बेसन आणि वर दही, कण्यांबरोबर ताक, ही जोडी म्हणून मोडू नये. शेंगाची चटणी प्रथिनं आणि स्निग्धता देते, पण एकटी पुरेशी नाही.

लोहाचंही असंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळजवळ 69 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. ज्वारी-बाजरीत लोह असलं तरी ते एकट्याने सहज शोषलं जात नाही. न्याहारीत लिंबाची फोड, पेरू, टोमॅटो किंवा आवळा असावा आणि चहा तासाभराने घ्यावा. भाकरीच्या घासागणिक चहाचा घोट घेण्याची सवय इथे पुष्कळ घरांत आहे. ती सुटायला हवी, कारण चहातली द्रव्यं लोहाला अडवतात.

मोड आणायचे तर मूग, मटकी, नाचणीला आणावेत, ज्वारीला नको. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे इथला शेतकरी जाणतो. कोवळ्या पोंग्यात धुरीन हे द्रव्य असतं आणि त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. ज्वारीच्या कोंबांतही ते असतं, म्हणून मोडाची ज्वारी कच्ची खाण्याचा प्रयोग कुणी करू नये. मधुमेह असलेल्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं: ज्वारी साखर सावकाश वाढवते, पण चार भाकरी खाल्ल्या तर त्या चार भाकरीच आहेत.

आणि हे सगळं करायचं कुणी? सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. त्यांना मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. सकाळचा तास चुलीपुढे गेला की तेवढ्या विड्या कमी, तेवढे पैसे कमी. अशा घरात ‘सकस न्याहारी करा’ एवढाच उपदेश म्हणजे त्या बाईच्या अंगावर आणखी एक काम. पौष्टिक आहाराबद्दलच्या बऱ्याच लेखनात ही गोष्ट सुटते. पीठ ताकात कालवून ठेवायला, ज्वारीची भरड भिजत घालायला, लाह्यांचा डबा भरायला कसलंही खास कसब लागत नाही. बारा वर्षांचा मुलगा करू शकतो, कामावरून आलेला नवरा करू शकतो. म्हणून पुढे प्रत्येक पदार्थाच्या कृतीत रात्रीचं काम आणि सकाळचं काम वेगवेगळं लिहिलं आहे, आणि रात्रीच्या कामापुढे ते किती वर्षांच्या मुलाला जमेल याचा अंदाज दिला आहे. भाकरी थापणं मात्र शिकावं लागतं, वेळ लागतो. ते मुलींनाच शिकवायचं असतं असा नियम नाही. पंढरपूरच्या वाटेवर दिंड्यांच्या मुक्कामात पुरुष शेकडो माणसांचा स्वयंपाक करताना दर वर्षी दिसतात.

मुलांच्या बाबतीत घाई करू नये. पांढऱ्या ब्रेडची सवय लागलेल्या मुलापुढे एकदम आंबील ठेवली तर ते नाक मुरडणारच. आधी गव्हाच्या पोळीत चौथा हिस्सा ज्वारीचं पीठ, मग धपाट्याचे छोटे गोळे तव्यावर चपटे करून, मग लाह्यांचा चिवडा, अशा पायऱ्यांनी जावं. थंडीत हुरड्याच्या दिवसांत मुलांना रानात न्यावं. आगटीत भाजलेलं गुळभेंडी ज्वारीचं कणीस हातावर चोळून निघालेला गरम हिरवा दाणा ज्याने खाल्ला, त्याला ज्वारीची गोडी निराळी सांगावी लागत नाही. तंतू कमी खाणाऱ्या घराने एकदम प्रमाण वाढवलं तर पोट फुगतं. हळूहळू वाढवावं आणि पाणी भरपूर प्यावं.

धान्याच्या खरेदीविषयी थोडं. नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मंगळवेढा, बार्शी, सोलापूरच्या बाजारात तेव्हा माल येतो आणि वर्षाची बेगमी करणारी घरं याच दिवसांत पोती भरतात. मालदांडीचा दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकदार असतो. काळपट ठिपक्यांचा, पावसात भिजलेला माल घेऊ नये, त्याला बुरशीची बाधा झालेली असू शकते. कडक ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावर कोठीत भरावी, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. धान्य वर्षभर टिकतं, पीठ टिकत नाही. अंकुरातलं तेल दळल्यावर हवेशी येतं आणि खवट होतं. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांतच कडवट लागायला लागतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी कडेने चिरते. म्हणून चार माणसांच्या घराने एका वेळी दोन-तीन किलोंपेक्षा जास्त दळू नये. गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा बाजूला काढण्याची पद्धत असेल तर ती सोडावी. मोठ्या छिद्रांची चाळणी पुरते.

पैशाचा हिशेबही करून पाहावा. किलोभर पिठात दहा-बारा भाकरी होतात. ज्वारी महाग वाटते ती गव्हाच्या शेजारी ठेवल्यावर. बिस्किटांचे पुडे, खारी, ब्रेड आणि डबाबंद कॉर्नफ्लेक्स यांच्या शेजारी ठेवली तर ती स्वस्तच आहे, आणि बहुतेक घरांत न्याहारीचा पैसा या दुसऱ्या यादीवर जातो. रेशनवर ज्वारी नियमित मिळायला हवी ही मागणी रास्त आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने ज्वारी-बाजरी-नाचणीला पौष्टिक तृणधान्यं म्हणून अधिकृत दर्जा दिला, भारताच्या पुढाकाराने 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, समारंभ झाले. ज्या जिल्ह्यात हे धान्य पिकतं त्या जिल्ह्यातल्या गरीब घराच्या पिशवीत ते पोचलं, तरच त्या वर्षाचं काही चीज झालं असं म्हणता येईल.

पुढच्या पानांवर पदार्थ ऋतूंप्रमाणे लावले आहेत. थंडीत बाजरी, तीळ, हुरडा आणि माडगं. उन्हाळ्यात आंबील, ताकातल्या कण्या आणि नाचणी. पावसाळ्यात लाह्या, धपाटे, गरम भाकरी-पिठलं. कडक भाकरी नि शिळी भाकरी बारमाही. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची वाटी, सुमारे दीडशे मिलिलिटरची. प्रमाण चार माणसांचं आहे. पिठाला पाणी किती लागेल ते ज्वारीच्या जुन्या-नवेपणावर अवलंबून असल्याने तिथे अंदाजच दिला आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने पाणी थोडं थोडं घालत जावं.